पुण्यात खास नाटकासाठी येताय? तिकीट काढण्याआधी आणि काढताना काय करायचं, कोणत्या क्रमाने

साताऱ्याहून, सोलापूरहून, नगरहून नाटक पाहायला पुण्यात येणाऱ्यांचा घोटाळा बहुतेक वेळा एकाच जागी होतो. ते आधी नाटक ठरवतात. नाव कानावर आलेलं असतं, कुणीतरी "बघाच" म्हणून बजावलेलं असतं. मग रजा टाकली जाते, एसटीचं आरक्षण होतं आणि शेवटी कळतं की त्या शनिवारी ते नाटक नाशकात आहे. मराठी व्यावसायिक नाटक एका नाट्यगृहात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकत नाही. दुपारी बालगंधर्व, रात्री चिंचवड, दुसऱ्या दिवशी कोल्हापूर असा त्याचा दौरा चालतो. त्यामुळे "ते नाटक बघायचं" एवढं ठरवून भागत नाही. तारीख, वेळ, नाट्यगृह आणि त्या दिवशीचे कलाकार या चारही गोष्टी जुळल्या, तरच तिकिटाला हात घालायचा.

पुढचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. एखादा टप्पा गाळला तर पैसे जातीलच असं नाही, पण दिवस वाया जाऊ शकतो.

टप्पा १ : आधी स्वतःच्या वेळा कागदावर मांडा

पुण्यातल्या मोठ्या नाट्यगृहांत प्रयोगांच्या वेळा साधारण ठरलेल्या आहेत: दुपारी १२.३०, संध्याकाळी ५ किंवा ५.३०, आणि रात्री ९.३०. बालनाट्य असेल तर सकाळची वेळही मिळते. मुंबईच्या संस्थांचे प्रयोग बहुतांशी शुक्रवार ते रविवार याच दिवसांत येतात. आठवड्याच्या मधल्या वारांना व्यावसायिक नाटक मिळेलच असं धरून चालू नका.

दोन अंकी नाटक मध्यंतर धरून सव्वादोन ते अडीच तास घेतं. संगीत नाटक सहज तीन तासांवर जातं. हा हिशेब परतीच्या गाडीशी लावून पाहा.

- दुपारचा १२.३० चा प्रयोग तीनच्या आसपास सुटतो. त्याच दिवशी घरी परतणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगली वेळ नाही. साताऱ्याहून सकाळी सातला निघालेला माणूस हा प्रयोग बघून रात्रीच्या जेवणाला घरी असतो.
- संध्याकाळचा प्रयोग आठच्या सुमारास सुटतो. मेट्रो, बस, जेवण सगळं हाताशी असतं. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हाच घ्या.
- रात्री ९.३० चा प्रयोग संपायला बारा वाजून जातात. मेट्रो अकराच्या सुमारास थांबते, पीएमपीच्या बस तुरळक होतात आणि मध्यरात्रीनंतर रिक्षाला जादा आकार पडतो. पुण्यात मुक्काम असेल तरच हा प्रयोग घ्या, आणि मुक्काम नाट्यगृहाजवळ करा.

एका दिवसात दोन नाटकं बघता येतात, पण दुपार-संध्याकाळ किंवा संध्याकाळ-रात्र अशी जोडी हवी आणि दोन्ही नाट्यगृहं शहराच्या एकाच बाजूला हवीत. बालगंधर्वला दुपारचं आणि कोथरूडच्या यशवंतरावला संध्याकाळचं, हे आरामात जमतं. निगडीला दुपारचं आणि बिबवेवाडीला संध्याकाळचं, असा बेत कागदावर बरा दिसतो. रविवारच्या वाहतुकीत तो निभावायचा म्हणजे जेवणावर पाणी सोडायचं.

दोन ओळी आपल्याजवळ लिहून ठेवा: "आम्ही अमुक वारी इतक्या वाजल्यापासून मोकळे" आणि "इतक्या वाजता आम्हाला निघायलाच हवं". बाकी सगळं या दोन ओळींत बसवायचं आहे.

सावध : गणेशोत्सवातले शेवटचे दिवस, विशेषतः अनंत चतुर्दशी आणि तिचा दुसरा दिवस, आणि आषाढी वारीच्या पालख्यांचे पुण्यातले दिवस या बेतातून आधीच वगळा. टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता हे विसर्जन मिरवणुकीचेच रस्ते आहेत. पेठांतल्या नाट्यगृहांपर्यंत त्या दिवशी गाडी पोचत नाही. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत नाटकांना अडचण नसते, पण मुक्कामाच्या खोल्या लवकर भरतात.

टप्पा २ : त्या दिवसांत काय काय आहे ते गोळा करा

तीन ठिकाणं बघायची आणि तिन्ही बघायची.

पहिलं, वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती. पुण्याच्या आवृत्तीतच बघा. घरी येणाऱ्या सातारा किंवा सोलापूर आवृत्तीत त्या जाहिराती नसतात, आणि "पेपरात तर काहीच नव्हतं" ही तक्रार तिथूनच निघते. ई-पेपर उघडून शहर म्हणून पुणे निवडलं की झालं. गुरुवार ते रविवारच्या अंकांत सर्वांत जास्त माहिती सापडते.

दुसरं, ऑनलाइन तिकीटविक्री: बुकमायशो आणि मराठी नाटकांसाठीच काढलेलं तिकिटालय. एकावर नसलेला प्रयोग दुसऱ्यावर असू शकतो, म्हणून एकच बघून "पुण्यात काही नाही" असा निकाल देऊ नका.

तिसरं, प्रायोगिक रंगमंचांची स्वतःची समाजमाध्यमांवरची पानं. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह आणि तिथलाच श्रीराम लागू रंग-अवकाश, एरंडवण्यातलं द बॉक्स. यांचे कार्यक्रम मोठ्या जाहिरातींत क्वचितच दिसतात.

किती आधी शोधायचं? महिनाभर आधी शोधून काही हाती लागत नाही. बहुतेक प्रयोग आठवडा-दोन आठवडे आधी दिसू लागतात. म्हणून तारखा महिनाभर आधी धरा, प्रयोग दहा दिवस आधी शोधा. गाडीचं आरक्षण आधीच केलं असेल तर हरकत नाही. मात्र विशिष्ट नाटकाचा हट्ट असेल तर क्रम उलटा करा: निर्मात्या संस्थेच्या पानावर पुढच्या तारखा जाहीर होईपर्यंत थांबा आणि रजा नंतर टाका.

टप्पा ३ : जाहिरात नीट वाचा

सर्वांत जास्त फसगत इथे होते आणि ती टाळायला पाच मिनिटं पुरतात. जाहिरात छोटी असते, पण तिच्यातला शब्दन्‌शब्द कामाचा असतो.

*शुभारंभाचा प्रयोग* म्हणजे नाटक अजून रुळायचं आहे. उत्साह असतो, पण लांबी हाताबाहेर गेलेली असू शकते, नेपथ्य हलवताना वेळ जातो. पहिल्या पंचवीस प्रयोगांत नाटकाची बरीच काटछाट होते. एवढ्या लांबून एकच नाटक बघायला येत असाल तर थोडं मुरलेलं नाटक बरं.

*दीर्घांक* म्हणजे एकच मोठा अंक, बहुधा मध्यंतर नाही. बरोबर लहान मूल किंवा मधुमेही ज्येष्ठ असतील तर हे आधी कळायला हवं.

*अभिवाचन* म्हणजे कलाकार संहिता हातात धरून वाचणार. नेपथ्य, हालचाल फारशी नसते. प्रकार सुंदर आहे, पण घरातल्यांना "नाटक" म्हणून आणलंत आणि समोर चार खुर्च्या नि चार स्टँड दिसले, तर बोलणी बसतात.

*एकपात्री, द्विपात्री* यांचा अर्थ उघड आहे, तरी तिकीट काढताना लोक तो शब्द वाचत नाहीत.

*संगीत* हा शब्द नावाच्या आधी असेल तर ते नाट्यपदांचं नाटक. नावाच्या नंतर "रजनी", "मैफल" असं काही असेल तर तो गाण्यांचा कार्यक्रम. बालगंधर्वच्या फलकावर नाटकांइतकेच वाद्यवृंद, लावणी आणि सत्कार समारंभ असतात. फलकावर नाव दिसलं म्हणजे ते नाटकच, असं नाही.

*नव्या संचात* किंवा *पुनरुज्जीवित* म्हणजे जुनं गाजलेलं नाटक नव्या कलाकारांसह. वडिलांनी तीस वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी नाटक पाहिलं, तो नट आता त्यात नाही. कलाकारांची नावं वाचा.

*मर्यादित प्रयोग*, *शेवटचे काही प्रयोग* यांवर मात्र फार विसंबू नका. प्रतिसाद चांगला असला की शेवटाला पुढची तारीख मिळते. घाईने चुकीची वेळ धरण्यासाठी हे कारण पुरेसं नाही.

*वयाची अट* दिलेली असेल तर ती सल्ला म्हणून नसते, दारावर अडवतात. आणि बहुतेक नाटकांत तीन वर्षांवरच्या मुलाला पूर्ण तिकीट लागतं. मांडीवर बसवू, ही सवलत गृहीत धरू नका.

तपासा : मोठ्या नावामुळे नाटक निवडलं असेल, तर त्या तारखेला तेच कलाकार आहेत का हे जाहिरातीतल्या फोनवर विचारून घ्या. चित्रीकरणामुळे किंवा आजारपणामुळे बदली कलाकार उभा राहणं नवीन नाही, आणि ऑनलाइन पानावरचं चित्र मात्र जुनंच राहतं.

टप्पा ४ : नाट्यगृह कुठलं, आणि कुठल्या गावातलं

दुसरा अर्धा प्रश्न आधी सोडवा. आचार्य अत्रे रंगमंदिर पिंपरीत आहे आणि कल्याणमध्येही आहे. अण्णाभाऊ साठे यांच्या नावाचं नाट्यगृह पुण्यात आहे, तसं मुंबईतही आहे. बालगंधर्वांच्या नावाचं नाट्यगृह मिरजेतही आहे. ॲपमध्ये शहर मुंबई राहून गेलं आणि कल्याणचं तिकीट निघालं, तर पैसे सहसा परत येत नाहीत. शहर बदला, मग शोधा, आणि पैसे भरण्याआधी पत्त्याची ओळ पुन्हा वाचा.

उरलेला अर्धा प्रश्न अंतराचा. ॲपला "पुणे" म्हटलं की त्यात पिंपरी-चिंचवडही येतं. स्वारगेटला उतरणाऱ्याला निगडीचं नाट्यगृह म्हणजे शहराचं दुसरं टोक. कोण कुठे आहे, ते असं:

बालगंधर्व रंगमंदिर, जंगली महाराज रस्ता. मेट्रोचं छत्रपती संभाजी उद्यान स्थानक जवळ आहे. पुणे रेल्वे स्थानकाहून एकाच मार्गिकेने थेट येता येतं. स्वारगेटहून यायचं तर मधे जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्थानकावर गाडी बदला. बाहेरगावच्या माणसाला सर्वांत सोयीचं नाट्यगृह हेच.

यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, कोथरूड. मेट्रो अगदी दारात नाही. पौड रस्त्यावरच्या स्थानकावर उतरून पुढे रिक्षा करा. व्यावसायिक नाटकांची इथे गर्दी असते आणि प्रेक्षक हमखास येतो, त्यामुळे तिकिटं लवकर संपतात.

भरत नाट्य मंदिर, सदाशिव पेठ, आणि टिळक स्मारक मंदिर, टिळक रस्ता. स्वारगेटहून दोन्हीकडे रिक्षा लगेच पोचते. गाडी घेऊन आलात तर पार्किंग शोधण्यासाठी अर्धा तास वेगळा ठेवा. पेठेत चारचाकी घेऊन न आलेलंच बरं.

अण्णाभाऊ साठे सभागृह, बिबवेवाडी-पद्मावतीच्या बाजूला, आणि गणेश कला क्रीडा मंच, स्वारगेटजवळ. साताऱ्या-कोल्हापूरकडून येणाऱ्यांना ही बाजू सोयीची. गणेश कला क्रीडा मंच मात्र फार मोठं आहे. बारीक अभिनयाच्या नाटकाला तिथे मागची तिकिटं काढू नका.

प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, चिंचवड; आचार्य अत्रे रंगमंदिर, संत तुकाराम नगर, पिंपरी; ग. दि. माडगूळकर नाट्यगृह, निगडी प्राधिकरण. मुंबईकडून येत असाल किंवा नातेवाईक पिंपरी-चिंचवडमध्ये असतील तर हीच निवडा. पुण्यात हाउसफुल्ल झालेलं नाटक त्याच शनिवार-रविवारी चिंचवडला मोकळं मिळण्याची शक्यता बरीच असते, आणि ही युक्ती लोकांच्या लक्षातच येत नाही.

तपासा : महापालिकेची नाट्यगृहं अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतात आणि प्रयोग दुसरीकडे हलवला जातो. निघण्याच्या आदल्या दिवशी एकदा नाट्यगृहाचं नाव पुन्हा बघा.

टप्पा ५ : कुणासाठी काय, हे आता ठरवा

इतकं झाल्यावर हातात दोन-चार प्रयोग उरतील. निवड त्यांतूनच करायची.

तीन पिढ्या एकत्र असतील तर संध्याकाळचं कौटुंबिक नाटक घ्या, आणि विनोदी असेल तर त्यातला विनोद कुठल्या जातीचा हे बघितलेल्या कुणाला तरी विचारा. प्रायोगिक नाटकाला घरातल्या सगळ्यांना ओढून नेऊ नका. ज्याला आवड आहे त्याने एकट्याने जावं, बाकीच्यांनी तुळशीबागेत जावं, सगळे खूश राहतात. मुलांसाठी मे महिना आणि दिवाळीची सुट्टी धरा. बालनाट्यांचे प्रयोग तेव्हा दाट असतात, एरवी शोधावे लागतात.

खिशाला परवडणारं आणि वेगळं काही हवं असेल, तर स्पर्धांकडे बघा. महाविद्यालयीन एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात रंगतो, आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या पुणे केंद्रावर हौशी संस्थांची नाटकं हिवाळ्याच्या तोंडावर होतात. राज्य नाट्य स्पर्धेचे दर अगदी किरकोळ असतात. दर्जा मात्र रोज वेगळा, ही तयारी ठेवा. पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीला आयत्या वेळी तिकीट मिळेल या आशेवर येऊ नका.

टप्पा ६ : खुर्ची निवडा, मग पैसे

लोक दर बघून ओळ निवडतात. उलट करा. नाटकाचा प्रकार बघून ओळ निवडा आणि मग ती कुठल्या दरात बसते ते बघा.

संवादावर चालणाऱ्या नाटकाला चौथी ते दहावी ओळ, मधला भाग. चेहरे दिसतात, ध्वनिक्षेपकाआधी नटाचा स्वतःचा आवाज पोचतो. मोठं नेपथ्य, समूहनृत्य, फिरता रंगमंच असेल तर आठवीच्या मागे बसा, कारण पुढून चित्र अर्धंच दिसतं. पहिल्या दोन ओळी महाग असूनही तिथून रंगमंचाची उंची आड येते, मान वर करून बसावं लागतं आणि जमिनीवर बसलेलं पात्र नीट दिसत नाही.

कडेच्या खुर्च्यांचा दोष वेगळा. त्या बाजूच्या विंगेजवळचा कोपरा झाकला जातो, आणि नेपथ्यातला जिना किंवा खिडकी नेमकी तिथे असली तर अर्धा प्रसंग ऐकूनच समजून घ्यायचा.

बाल्कनीला उगाच नाक मुरडलं जातं. बाल्कनीची पहिली-दुसरी ओळ ही खालच्या शेवटच्या ओळींपेक्षा नेहमी चांगली. खालच्या शेवटच्या ओळी बाल्कनीच्या छताखाली येतात आणि तिथे आवाज दबतो. गुडघेदुखी असणाऱ्यांना मात्र बाल्कनीचे जिने नकोत. त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावर वाटेलगतची खुर्ची घ्या.

ॲपवरच्या नकाशात तीन चुका नेहमी होतात. पहिली, रंगमंच नकाशाच्या वर आहे की खाली हे न बघता शेवटची ओळ पहिली समजून घेतली जाते. "रंगमंच" असं लिहिलेली पट्टी आधी शोधा. दुसरी, लागोपाठचे आकडे म्हणजे शेजारच्या खुर्च्या असं धरलं जातं. मधून वाट जात असेल तर दोन आकड्यांमध्ये चार फुटांची मोकळी जागा असते. तिसरी, सहा-आठ जणांसाठी एकाच ओळीत सलग जागा शोधत बसल्याने मागची ओळ पदरी येते. तीन पुढे, तीन त्यांच्याच मागे अशा खुर्च्या घ्या, जागाही चांगल्या मिळतात आणि मध्यंतरात बोलणंही होतं.

दराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ५०० रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटावर जीएसटी नाही, म्हणून अनेक नाटकांचा सर्वांत वरचा दर नेमका ५०० वर थांबलेला दिसतो. त्याच्या खाली दोन-तीन दर असतात. मोठ्या नावांची नाटकं या मर्यादेच्या वर जातात. प्रायोगिक नाटकं बहुधा स्वस्त असतात आणि तिथे अनेकदा खुर्चीला क्रमांकच नसतो. आधी येईल तो पुढे बसेल. अशा ठिकाणी अर्धा तास आधी पोचणं म्हणजेच चांगली खुर्ची निवडणं.

टप्पा ७ : तिकीट काढा – खिडकी, फोन की ऑनलाइन

बाहेरगावच्या माणसाला ऑनलाइनच सोपं, पण तिन्ही वाटा माहीत हव्यात, कारण एक बंद झाली की दुसरी उघडी असते.

*ऑनलाइन.* क्रम असा ठेवा: शहर, तारीख, वेळ, नाट्यगृह, मग खुर्ची. खुर्ची निवडल्यावर पैसे भरायला मोजकी मिनिटं मिळतात. तेव्हा घरातल्यांना विचारत बसलात तर खुर्च्या सुटतात. किती जण, कुठला दर, हे आधीच ठरवून बसा आणि यूपीआय चालू आहे ना ते बघा. पैसे खात्यातून गेले आणि तिकीट आलं नाही, असं झालं तर लगेच पुन्हा पैसे भरू नका. आधी ॲपमधल्या आपल्या बुकिंगच्या यादीत बघा, थोडा वेळ थांबा. घाईने दुसऱ्यांदा भरलं की दोन संच तिकिटं हातात पडतात. दर तिकिटामागे सेवाशुल्क लागतं. दोन तिकिटांना ते जाणवत नाही, आठ तिकिटांना जाणवतं.

*खिडकी.* सेवाशुल्क नाही, आणि प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा तक्ता, समोर ठेवून जागा दाखवतात. पुण्यात कुणी नातेवाईक असेल तर त्यांनाच पाठवा. खिडकी सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडते, दुपारी बंद असते. नेमक्या वेळा आणि प्लॅन कधी लागणार, म्हणजे विक्री कधी सुरू होणार, हे जाहिरातीत छापलेलं असतं. दुपारी दोनला जाऊन बंद खिडकीसमोर पुण्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जाताना तारीख, वेळ, माणसं आणि चालेल असे दोन दर चिठ्ठीवर लिहून द्या, कारण पहिल्या पसंतीचा दर संपलेला असला की नातेवाईक रिकाम्या हाताने परत येतात.

*फोन.* जाहिरातीत बुकिंगचा क्रमांक असेल तर त्यावर नाव आणि संख्या सांगून जागा राखता येते. इथे दोन प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवू नका: ओळ आणि खुर्ची क्रमांक कुठला, आणि तिकीट किती वाजेपर्यंत उचलायचं. ठरलेल्या वेळेनंतर राखलेली तिकिटं विकली जातात. एसटी खोळंबली तर वाटेतूनच फोन करून कळवा.

सावध : ऑनलाइन "हाउसफुल्ल" दिसलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. काही निर्माते थोडा भाग खिडकीसाठी वेगळा ठेवतात, आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या पुढच्या खुर्च्या प्रयोगाआधी थोडा वेळ मोकळ्या होतात. एक-दोन जण असाल आणि पुण्यातच असाल तर पाऊण तास आधी खिडकीशी जाऊन बघायला हरकत नाही. या आशेवर सोलापूरहून आठ जण मात्र निघू नका.

अनोळखी माणसाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं तिकिटाचं चित्र विकत घेऊ नका. तेच चित्र त्याने आणखी चौघांना पाठवलेलं असू शकतं, आणि दारावर कोड एकदाच चालतो.

टप्पा ८ : तिकीट हातात आल्यावर लगेच, आणि प्रयोगाच्या दिवशी

तिकीट आल्याबरोबर वाचा: तारीख, वार, वेळ, नाट्यगृह, ओळ, खुर्च्या. दुपारी १२.३० आणि रात्री १२.३० यांत गल्लत होत नाही, पण शनिवार आणि रविवारचा एकाच वेळेचा प्रयोग यांत नक्की होते. कोडाचं छायाचित्र फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण नाट्यगृहाच्या दाराशी गर्दीत नेटवर्क रडतं. बरोबरच्या एकाच्या फोनवरही ते पाठवा.

पोचण्याची वेळ ठरवताना प्रयोगाच्या वेळेतून तीस मिनिटं वजा करा, गाडी लावायची असेल तर पंचेचाळीस. तिसरी घंटा झाली की नाटक सुरू होतं. मोठ्या नाट्यगृहात उशिरा येणाऱ्याला अंधारात चाचपडत का होईना, आत सोडतात. छोट्या प्रायोगिक रंगमंचावर दार बंद झालं की बंद, कारण प्रेक्षकांची वाट आणि नटांची वाट तिथे एकच असू शकते.

मोठ्या बॅगा आत न्यायच्या नाहीत, खुर्च्यांच्या ओळीत त्यांना जागाच नसते. मुक्कामाच्या ठिकाणी किंवा पुणे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून या. दुपारच्या प्रयोगाआधी पोटभर जेवून वातानुकूलित अंधारात बसलात तर पहिला अंक घोरण्यात जातो. थोडं खा, मध्यंतरात बटाटेवडा आहेच. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. आधी स्वच्छतागृह, मग वडा. उलट केलंत तर दोन्ही रांगांत अडकाल.

टप्पा ९ : प्रयोग रद्द झाला किंवा तुम्हालाच जमलं नाही तर

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्हाला जमलं नाही तर पैसे सहसा परत मिळत नाहीत. ओळखीच्या कुणाला तरी तिकीट देऊन टाका, रिकामी खुर्ची कुणालाच नको असते.

प्रयोग संस्थेने रद्द केला तर ऑनलाइन पैसे त्याच खात्यात परत येतात. त्याला काही दिवस लागतात, संदेश जपून ठेवा. खिडकीवर काढलेल्या तिकिटाचे पैसे खिडकीवरच, मूळ तिकीट दाखवून, आणि ठरावीक मुदतीतच मिळतात. बाहेरगावी परतण्याआधी ते घ्यायचे किंवा तिकीट पुण्यातल्या नातेवाइकाकडे ठेवून जायचं. प्रयोग पुढच्या तारखेला ढकलला आणि "हेच तिकीट चालेल" असं सांगितलं, तर ती तारीख तुम्हाला जमते का ते तिथल्या तिथे बघा. जमत नसेल तर पैसे तेव्हाच मागा, महिन्याभराने मागायला गेलात तर खिडकीवर दुसऱ्याच नाटकाचा माणूस बसलेला असतो.

आणि अशा वेळी हात हलवत परत फिरण्याआधी तुमच्या यादीत उरलेले बाकीचे प्रयोग काढा. शनिवारी संध्याकाळचा एक प्रयोग रद्द झाला, तरी टिळक रस्त्यापासून कोथरूडपर्यंत त्या रात्री ९.३० ला कुठे ना कुठे पडदा वर जात असतो, आणि एक-दोन तिकिटं खिडकीवर शिल्लक असू शकतात.